पुढच्या खोलीतली खुर्ची

"अरे, सरांना खुर्ची द्या, खुर्ची!" कुणीतरी मागून ओरडलं आणि अजेय एकदम दचकला. वास्तविक त्यात दचकण्यासारखं काही नव्हतं. खालापुरात गुणवंतांचा सत्कार होता. बोर्डात चमकलेली मुलं, राज्याच्या कबड्डी संघात निवड झालेली एक काटक मुलगी आणि सगळ्यात शेवटी, निवेदकाच्या शब्दांत, 'आपल्या मातीतला गेम सातासमुद्रापार नेणारे' अजेय. बाकीच्यांना साध्या खुर्च्या होत्या. त्याच्यासाठी मात्र मंडपवाल्याकडून लाल मखमलीची, सोनेरी पाठीची, लग्नात नवरदेवाला बसवतात तसली खुर्ची मागवली होती, ती दोघांनी उचलून स्टेजच्या मधोमध आणून ठेवली. बसा म्हणाले. त्याला बसवेना. तो नुसता खुर्चीच्या पाठीला हात लावून उभा राहिला, आणि लोकांना वाटलं, काय हा विनय! टाळ्या झाल्या. शेवटी आयोजक चांगो पाटील यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्याला खाली दाबलं. "बसा हो सर, आता तुमचा मान हाय," ते कानाशी म्हणाले. मान! अजेय बसला. शाल आली, श्रीफळ आलं, कपाळाला टिळा लागला. मागच्या फलकावर त्याच्या कॉम्प्युटर गेममधलं, आता सगळ्यांना पाठ झालेलं चित्र होतं: एक स्वयंपाकघर, आणि त्यात जमिनीवर, फडताळावर, खिडकीत, उंबऱ्यावर, जागा मिळेल तिथे झाकून ठेवलेली ताटं. मग माइक हातात देऊन पाटील म्हणाले, "आईच्या ताटाची गोष्ट सांगा सर." त्याने सांगितली. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं सवयीचं झालं होतं. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला तेव्हा त्याला वाटलं, उठावं आणि सरळ चालू लागावं.

तो निघाला तेव्हा मागे पंगत बसत होती. दोन घास तरी खाऊन जा, असा आग्रह झाला, पण त्याने हात जोडले. शाल आणि नारळ मागच्या सीटवर टाकून त्याने गाडी चौक गावाच्या रस्त्याला लावली. एक्स्प्रेसवेच्या टोलनाक्याकडचा आवाज बराच वेळ पाठीमागे येत राहिला. ऊन चांगलंच चढलं होतं. एका खुर्चीने एवढं का व्हावं, असं कुणी विचारलं असतं तर त्याला ते सांगता आलं नसतं असं नाही. उलट त्या अख्ख्या सभागृहात त्या खुर्चीचा अर्थ त्याला एकट्याला माहीत होता. तो अर्थ जाणणारा दुसरा माणूस, ज्याने तो शोधून काढला तो त्याचा जुना मित्र हमदान, कतारला होता, आणि त्याच्याशी अजेयचं बोलणं आता सणासुदीच्या शुभेच्छांपुरतं उरलं होतं.

गेमचं नाव 'सांगावा'. घाटातल्या वाड्यावाड्यांतून माणसांचे निरोप घेऊन उतरायचं आणि खाली ज्याचे त्याला पोचवायचे, एवढाच खेळ. तलवार नाही, राक्षस नाही. निरोप जसाच्या तसा सांगायचा, थोडा फिरवायचा की गिळून टाकायचा हे खेळणाऱ्याने ठरवायचं, आणि त्यावरून पुढची माणसं, पुढची वाट, खेळणारा स्वतः कोण होत जातो, हे सगळं बदलायचं. ही कल्पना कुणाची असं विचारलं की अजेय 'आमची' म्हणे, आणि ते खोटं नव्हतं. कॉलेज संपून दोघांनाही धड काम नव्हतं त्या दिवसांत तो आणि हमदान पायवाटेने ठाकुरवाडीच्या थांब्यापर्यंत चढून जात. घाट उतरणारी रेल्वेगाडी तिथे उभी राहते. कुणासाठी नव्हे, ब्रेक नीट लागतात की नाही ते बघायला. दारात उभी माणसं कंटाळून बाहेर बघत, आणि गाडी सुटेपर्यंत हमदान त्यांचे चेहरे कागदावर उतरवून घेई. एकदा तिथल्या भागूबाईने दोघांना हाक मारून एक निरोप दिला. तिची लेक कर्जतच्या बाजारात भाजी घेऊन बसे, तिला सांगायचा. निरोप चांगला लांबलचक होता. शेळी व्यायली, त्यातलं एक करडू दूध पीत नाही, छपराकडे बघायला जावयाला पाठव, आणि तू आली नाहीस तरी चालेल, पण सणाला येते म्हणून गेली होतीस. बाजारात पोचल्यावर अजेयने सांगून टाकलं, "आई बरी आहे. जमलं तर जावयांना पाठव म्हणाली." लेकीने मान डोलावली आणि ती वांगी निवडायला लागली. हमदान मात्र तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सगळा निरोप पहिल्यापासून सांगितला, शेळीसकट, भागूबाई जिथे थांबली होती तिथे थांबत. शेवटच्या वाक्याला त्या बाईने हातातलं वांगं खाली ठेवलं. परत येताना अर्ध्या वाटेत हमदान थांबला. मग म्हणाला, "तू सगळं थोडक्यात सांगतोस रं. थोडक्यात सांगितलं की त्यातलं मानूस निघून जातं." अजेय तेव्हा हसला होता. हसून त्याने वेळ मारून नेली होती, आणि घरी येऊन त्याच रात्री गेमचा पहिला आराखडा काढला होता.

गेम घडला दहिवलीला, शकूरचाचांच्या, म्हणजे हमदानच्या वडलांच्या, बेकरीच्या वरच्या खोलीत. खाली भट्टी, त्यामुळे थंडीत फरशी उबदार आणि उन्हाळ्यात पाय ठेववत नसे. कपड्यांना, केसांना, कीबोर्डच्या फटींनासुद्धा नानकटाईचा वास. अजेय कोड लिही, हमदान चित्रं काढी. बेकरीच्या मागे घर, आणि घरात हमदानची आई, हवाबीचाची. तिच्या स्वयंपाकघरात टेबलखुर्ची नव्हती. चटईवर बसायचं आणि पाठ त्या भिंतीला लावायची, जिच्या पलीकडे भट्टी होती. कामाच्या नादात दोघं जेवायला कधीही उतरत, कधी दुपार टळल्यावर, कधी थेट दिवेलागणीला. दोन ताटं झाकून ठेवलेली असायचीच. तांदळाची भाकरी, हमदानच्या ताटात सुकटीचं कालवण, आणि अजेय सुकट खात नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळं वालाचं बिरडं. वरून निळ्या काठाची एनॅमलची थाळी पालथी. त्यातल्या एकीचा काठावरचा टवका उडून आतलं काळं लोखंड दिसायचं, ती अजेयची. चाची कधी 'जेवणार का' असं विचारत नसे. तसं विचारायचं असतं हेच तिच्या डोक्यात नव्हतं. "हात धू रं," एवढंच म्हणायची आणि आपलं काम करत राहायची. उशिराबद्दल रागवायची नाही, वाट बघत होते असंही सुनवायची नाही. अजेयच्या घरी, कर्जतला, सगळं याच्या उलट. त्याचे वडील, अप्पा, शाळेत मुख्याध्यापक होते आणि निवृत्त झाले तरी घरातली घंटा काही निवृत्त झाली नव्हती. आठला पानं वाढली जात आणि जरा वेळाने ओटा पुसून कोरडा. त्यानंतर येणाऱ्याला मालतीबाई, त्याची आई, अंथरुणावरूनच कोणत्या डब्यात काय आहे ते सांगत. वाईट कुणीच नव्हतं. आपापल्या घरची रीत. पण त्या कोमट भिंतीला पाठ टेकून झाकलेलं ताट उघडताना अजेयला जे वाटे, ते त्याला पुढे कुठेही वाटलं नाही.

हमदानने ते ताट काढलं, निळ्या काठासकट, उडालेल्या टवक्यासकट, आणि गेममधल्या निरोप्याच्या घरात ठेवलं. निरोप्या बाहेर असला की संध्याकाळी घरची बाई ताट झाकून ठेवते, तशी कोडची ओळ अजेयने लिहिली. सकाळी ताट उचलायचं, ही ओळ लिहायची मात्र तो विसरला. तपासून बघताना निरोप्या बरेच दिवस भटकून घरी आला आणि बघतात तर काय, घरभर ताटं. पाय ठेवायला जागा नाही. अजेयची हसून पुरेवाट झाली. हमदान हसला नाही. पडद्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "राहू दे." अजेय म्हणाला, "अरे, चूक आहे ती." "असू दे चूक. आपल्याला ते आज दिसलं. अम्मीला रोज असंच दिसत असंल." अजेयने खांदे उडवले. तेवढीच चूक हुडकायची शोधाशोध वाचत होती.

खुर्चीची गोष्टही त्या घरातलीच. हमदानची धाकटी बहीण सिद्रा हिचं लग्न ठरत आलं होतं, आणि त्या बोलणीत हमदानच्या मामाने इकडचा निरोप तिकडे सांगताना पदरचं काहीबाही घातलं. जुळत आलेलं मोडलं. मामाला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त त्यानंतर तो आला की चाची म्हणे, "सिद्रा, खुर्ची आण गं." पुढच्या खोलीत खुर्ची, खुर्चीपुढे स्टूल, स्टुलावर काचेच्या कपाटातला नक्षीचा कप. इतकं अगत्य, की मामा अगदी खुलून जायचा. आतल्या चटईवर आपल्याला पुन्हा कुणी बोलावलं नाही, हे त्या बिचाऱ्याच्या लक्षातही आलं नाही. हमदानच्या आलं. "आपन हीच शिक्षा ठेवू," तो म्हणाला. "निरोप फिरवला की मारायचं नाय, गुन कापायचं नाय. खुर्ची द्यायची." तसं केलं. गेममध्ये ज्याने निरोप बदलला त्याला त्या घरी पुढच्या खोलीत खुर्ची मिळू लागली, उत्तम कपात चहा मिळू लागला, आणि स्वयंपाकघराचा पडदा त्याच्यापुरता कायमचा खाली आला.

इथेच दोघांचं वाजलं. हमदानला परतीची वाट हवी होती. खुर्चीचा अर्थ ज्याला कळला त्याने मागे जावं, ज्याचा निरोप फिरवला त्याच्यापुढे बसून खरं ते सगळं सांगावं, आणि मग त्याला आत येता यावं. अजेयला दिसत होतं की यात निम्मी संभाषणं नव्याने लिहावी लागतील. आधीच फार उशीर झाला होता, अप्पा रोज 'पुढे काय' विचारत होते, बरोबरीची मुलं पुण्याला नोकरीत रुळली होती. आधी गेम बाहेर काढू, ते पुढे बघू, असं तो म्हणत राहिला. हमदान म्हणाला, "पन वाट नसंल, तर मग नुसतं हाकलून दिल्यासारखं झालं रं ते. एकदा चुकला की झालं?" तो बोलतच राहिला, घोळवून, थांबून थांबून, त्याच्या पद्धतीने, आणि अजेय एकदम ओरडला, "थोडक्यात सांग! कोड मला लिहायचाय, तुला नुसती चित्रं काढायचीत." हमदान उठला. खाली भट्टीवर पाव काढायला गेला. थोड्याच दिवसांत चुलतभावाच्या ओळखीने त्याला कतारला काम लागलं. निघताना त्याने मिठी मारली, नीट बोलला, काही मनात ठेवलं आहे असं जाणवू दिलं नाही. एवढं चांगलं वागला, की अजेयला तेव्हाच शंका यायला हवी होती. गेमवर अजेयने दोघांची नावं घातली. ती वाट तेवढी केली नाही.

पुढे जे झालं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आधी बरेच महिने गेम फक्त ओळखीच्यांनी घेतला, तोही भिडेखातर. मग कुठल्याशा थंड देशातल्या एका तरुणाने तो खेळताना स्वतःचं चित्रण केलं. निरोप पोचवण्याच्या भरात तो घर विसरूनच गेला होता. परतला, दार उघडलं, ताटं बघितली आणि बोलता बोलता थांबला. मग कानावरचे हेडफोन काढून ठेवून रडू लागला. तो व्हिडिओ जिकडेतिकडे गेला. बघता बघता लोक चुकीला प्रतिभा म्हणायला लागले. न उचललेल्या ताटांवर लेख आले, कुणी दंडावर ताट गोंदवून घेतलं, कुणी लिहिलं की हे बघून मी कित्येक वर्षांनी घरी फोन केला. खुर्चीचं मात्र भलतंच झालं. बाहेरच्या लोकांना वाटलं, ही बढती आहे. 'मला खुर्ची मिळाली' म्हणून ते आनंदाने फोटो टाकू लागले, लवकरात लवकर खुर्ची कशी मिळवावी याच्या युक्त्या एकमेकांना सांगू लागले. अजेयने खुलासा केला नाही. सुरुवातीला गंमत वाटली, नंतर संकोच, आणि मग खुलासा करण्याची वेळच निघून गेली. परतीची वाट का नाही, असं त्याला अजून एकानेही विचारलं नव्हतं.

आणि ती मुलाखत. मुंबईहून एका पत्रकार बाईंचा फोन होता, आवाज गोड, प्रश्न साधा. ही ताटं आली कुठून? त्याच वेळी मालतीबाई चहाचा कप घेऊन खोलीत आल्या होत्या. अजेयने त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "आमच्या घरची पद्धत. मी कितीही उशिरा आलो तरी आई ताट झाकून ठेवायची." झालं. वाक्य तोंडातून गेलं. चाची म्हटलं असतं तर बेकरी सांगावी लागली असती, हमदान सांगावा लागला असता, तो का गेला ते सांगावं लागलं असतं. आणि खोलवर आणखी एक होतं, ते त्याने स्वतःशीही नीट उच्चारलं नव्हतं: हवाबी हे नाव छापून आलं असतं तर खाली लोकांनी काय काय लिहिलं असतं. त्यापेक्षा आई बरी. आईवर कुणी काही बोलत नाही. मालतीबाई कप ठेवून निघून गेल्या. मुलाखत छापून आली तेव्हा अप्पांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली, एकदा बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, "छापून आलंय म्हणजे असेल." त्यावर घरात हसणंही झालं नाही. काही दिवसांनी अजेय उशिरा घरी आला, तर मालतीबाई स्वयंपाकघरात जाग्या होत्या. त्याचं पाऊल वाजताच त्यांनी ताटावरचं झाकण उचलून मागे ठेवलं आणि ताट पुढे केलं. तेव्हापासून रोज. न चुकता. घाईघाईने झाकण उचलायच्या, चोरी पकडली जाईल अशा घाईने, आणि तो खाली मान घालून जेवायचा. एकदा धीर करून तो म्हणाला, "कशाला गं आई जागतेस?" तर त्या म्हणाल्या, "बाजारात बायका विचारतात रे. मग निदान खोटं तरी वाटायला नको." त्याने मान आणखी खाली घातली होती. आजही, या उन्हात, चौक मागे टाकून गाडी कर्जतकडे धावत असताना, ते वाक्य त्याच्या कानात तसंच होतं.

दहिवलीच्या वळणाशी त्याने गाडी वळवली. ठरवलं असं नाही, हात वळले. चाचीच्या घरी जाऊन किती काळ लोटला होता! कितीदा या वळणावरून तो मान न वळवता गेला होता. आता जायचं, चटईवर बसायचं, आणि सगळं सांगायचं. मुलाखतीचं, हमदानला बोललेलं, त्या नावाची वाटलेली भीतीसुद्धा. तिने काय वाटेल ते बोलावं. फक्त शेवटी 'हात धू रं' म्हणावं. बाकी या जन्मात त्याला काही नको होतं. बेकरीच्या दाराशी येताच खारीचा भाजका वास नाकात शिरला आणि डोळे भरूनच आले त्याचे.

दार सिद्राने उघडलं. "अजेयदादा!" म्हणून ती बाजूला झाली. त्याने चपला काढल्या, आणि पाय आपोआप आतल्या पडद्याकडे वळले. तेवढ्यात पडदा सारून चाचीच बाहेर आली. थकली होती. एका गुडघ्यावर हात ठेवून चालत होती.

"कोन? अजेय हाय का? किती दिसांनी रं!"

'रं' होतं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग चाचीची नजर त्याच्या कडक इस्त्रीच्या कुडत्यावरून वर, कपाळावरच्या टिळ्यापर्यंत गेली.

"सत्कार झाला वाटतं. लई मोठं झालात. आत पसारा हाय बाबा. सिद्रा, खुर्ची आण गं."

सिद्रा हलली नाही. तिने गेम खेळला होता, आणि एकदा नव्हे. तिने आईकडे पाहिलं, मग अजेयकडे. "अम्मी, आत चटईवर बसू दे की दादाला," ती म्हणाली.

"नको. कापडं खराब होतील त्यांची."

त्यांची! सिद्रा आत गेली. कोपऱ्यात घडी करून ठेवलेली लोखंडी खुर्ची घेऊन आली, उघडली, ओढणीच्या टोकाने पुसली आणि त्याच्यासमोर ठेवली. हे सगळं खालमानेने. चाचीने कधी गेम पाहिलाही नव्हता. डॉक्टर आले तरी ती खुर्चीच देई, मौलवी आले तरी. कदाचित खरंच आत पसारा असेल. कदाचित तिला खरंच कौतुक वाटत असेल. विचारायचं कसं आणि कुणाला? अजेय बसला. पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलत होता, पण आतलं दिसेल इतका नाही.

"चाची," तो म्हणाला. गाडीत जे जे जुळवलं होतं ते सगळं त्याला सांगायचं होतं, पहिल्यापासून. "ते मुलाखतीत मी जे बोललो ना... ते चुकलं माझं."

एवढंच निघालं. थोडक्यात.

"त्यात काय चुकलं?" चाची दाराशी पाटावर बसत म्हणाली. "आईचं नाव घेतलंस, बरं केलंस. आईचंच घ्यायचं असतं." मग गुडघा चोळत म्हणाली, "तुज्या आई येऊन गेल्या हितं. बोलल्या नाय तुला?"

"आई? इथे?"

"लई दिस झालं. ही खुर्ची दिली तर बसंनात. आत आल्या, चटईवर बसल्या. म्हनल्या, पेपरवाले फोटो काडाया येनार हायत, नि माज्याकडं तसली थाळी नाय. झाकायची रीतच नाय आमच्याकडं, म्हनल्या. रडल्या रं बाई. मी म्हनलं, रडता कशाला, ह्या घेऊन जा. हमदान तिकडं, तू तिकडं. रिकाम्या थाळ्या कुनासाटी पालथ्या घालू? दोनी दिल्या. टवका उडालेली हाय ना, ती तुजी."

ती थाळी! रोज रात्री आई ज्या घाईने झाकण उचलून मागे ठेवायची ती घाई अजेयला आता नीट दिसली. त्याने त्या झाकणाकडे कधी पाहिलंच नव्हतं. आईने सगळं खरं सांगितलं होतं, जाऊन, खाली बसून, रडून. ती आत गेली होती. सिद्रा स्टूल घेऊन आली, स्टुलावर नक्षीचा कप ठेवला. वेलची घातलेला, घट्ट दुधाचा, पाहुण्याचा चहा होता तो. त्याने तो सगळा प्यायला. तोंड भाजलं, तरी प्यायला. चाची हमदानचं सांगत राहिली. त्याला आता बढती मिळाली आहे, तिकडे चित्रं काढायला सवड होत नाही म्हणतो, ईदला येईल, नाही तर नाही येणार. तिच्या बोलण्यात राग कुठेच नव्हता. असता तर बरं झालं असतं, राग असला की माणसाला हात धरून आत ओढता येतं, भांडता येतं.

तो उठला तेव्हा चाचीही गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"जेवून जाता का?" तिने विचारलं.

या घरात हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच आला होता. "नको चाची," तो म्हणाला. "घरी आई..."

"हां, ताट असंल," ती म्हणाली आणि समाधानाने हसली. "मंग जा. गार होईल."

तो उंबऱ्याबाहेर वाकून चपला घालत होता तेव्हा सिद्रा मागे आली. आत ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "दादा, एक विचारू? खुर्ची मिळाली की परत आत जायची वाट कुठं हाय? लई शोधली मी. सगळी घरं फिरून आले. हमदानभाई म्हनायचा, वाट असनार म्हनून."

अजेयने तिच्याकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या जगात हे विचारणारी ती पहिलीच होती.

"नाही," तो म्हणाला. "ती करायची राहून गेली."

सिद्राने मान डोलावली. भागूबाईच्या लेकीने बाजारात डोलावली होती, तशीच. मग ती आत गेली. त्याला वाटलं, इथेच, या उंबऱ्यावर उकिडवं बसावं, तिला परत हाक मारावी आणि पहिल्यापासून सगळं सांगावं, जिथे जिथे थांबायला हवं तिथे थांबत. पण आतून लोखंडी खुर्चीची घडी मिटून ती भिंतीला टेकवल्याचा आवाज आला, आणि घरी ताट झाकलेलं होतं.